घर शोधायला दहा दिवस पुरत नाहीत: मनुष्यबळ विभागांना खुलं पत्र

प्रति,
बाहेरगावची माणसं महानगरातल्या कार्यालयात रुजू करून घेणाऱ्या सर्व कंपन्यांचे मनुष्यबळ विभागप्रमुख

स.न.वि.वि.

तुमच्या नियुक्तीपत्रात रुजू होण्याची तारीख ठळक अक्षरांत असते. त्याखाली कुठेतरी बारीक अक्षरांत एक ओळ असते: पहिले सात किंवा दहा दिवस राहण्याची सोय कंपनीतर्फे, पुढची ज्याची त्याने करावी. बाहेरून आलेल्यांना भाड्याचं घर शोधून देणं हेच आमचं काम असल्यामुळे या ओळीचे परिणाम आमच्या रोज नजरेस पडतात. बरेचसे टाळता येण्यासारखे आहेत आणि ते टाळणं तुमच्याच हातात आहे, म्हणून हे पत्र.

आधी दहा दिवसांचा हिशेब मांडू. माणूस रविवारी पोचतो, सोमवारी रुजू होतो. पहिल्या आठवड्यात ओळखपत्र, लॅपटॉप, प्रशिक्षण यांतच संध्याकाळ होते. मोकळा मिळतो तो एकच शनिवार-रविवार. एकाच भागातली घरं असली तर दिवसाला चार-पाच बघून होतात, शहराच्या दोन टोकांना असली तर तीनच. म्हणजे दोन दिवसांत फार तर आठ-दहा. त्यातली काही बघायला जाईपर्यंत गेलेली असतात, काही फोटोत दिसली तशी नसतात. उरलेल्या दोन-तीन घरांतून एक सोमवारी ठरवायचं, कारण मंगळवारी कंपनीची खोली रिकामी करायची आहे. गरजवंताला अक्कल नसते हे घरमालकाला आणि दलालालाही पक्कं ठाऊक असतं. खोली सोडायची तारीख एकदा त्यांच्या कानावर गेली की भाव उतरत नाही, अनामतही कमी होत नाही आणि करार वाचायला वेळही मिळत नाही.

आमची पहिली मागणी सरळ आहे. दहाऐवजी तीस दिवस द्या. खर्च वाढेल, पण तिप्पट होणार नाही. हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली, महिन्याच्या दराने मिळणारी जागा घेतली तर दिवसाचा दर बराच खाली येतो. शिवाय स्थलांतराचा एकरकमी भत्ता थोडा कमी करून ते पैसे इकडे वळवता येतात. हातात दिलेला भत्ता बहुतेक वेळा फर्निचरवर जातो, आणि घर चुकलं की त्या फर्निचरचंच ओझं होतं. घाईत घेतलेलं घर सहा महिन्यांत सोडावं लागलं तर अनामतीतून कपात, दुसऱ्यांदा दलाली आणि दुसऱ्यांदा सामान हलवणं असा तिहेरी फटका बसतो. त्या काळात कामाकडे किती लक्ष राहतं, हे तुम्हीच बघता.

हे तीस दिवस कसे वापरायचे तेही नव्या माणसाला आधीच सांगा. पहिल्या आठवड्यात एकही घर बघायचं नाही, फक्त प्रवास करून बघायचा. दुसऱ्या आठवड्यात दोन-तीन भाग पक्के करायचे आणि तिथे एकदा सकाळी, एकदा रात्री पायी फिरायचं. तिसऱ्या आठवड्यात घरं बघायची. चौथा आठवडा करारासाठी आणि सामानासाठी.

पहिल्या आठवड्यात प्रवासच का, याला कारण आहे. १९९४ साली इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी लिहून ठेवलं की निरनिराळ्या काळांतली आणि देशांतली माणसं रोजच्या प्रवासाला सरासरी सुमारे एक तास देतात. वाहनं वेगवान झाली की वाचलेला वेळ घरी बसून घालवण्याऐवजी माणसं आणखी लांब राहायला जातात. हा तास जाण्यायेण्याचा मिळून आहे. महानगरात नव्याने आलेला माणूस मात्र रात्री दहा वाजता फोनवर नकाशा उघडतो, रस्ता रिकामा असताना पस्तीस मिनिटं दिसतात आणि तेवढ्यावर भाग ठरवतो. नकाशात ‘नऊ वाजता पोचायचं आहे’ अशी वेळ घालून बघितलं तर आकडा बदलतो, पण तोही पुरा नसतो. दारापासून थांब्यापर्यंतचं चालणं, गाडीची वाट, गाडी बदलताना हुकलेली पुढची गाडी, स्टेशनातून बाहेर पडायचा जिना, कार्यालयाच्या फाटकावरची तपासणी, लिफ्टची रांग. यातले शेवटचे तीन तुकडे तुम्हाला मिनिटांत माहीत असतात आणि नव्या माणसाला अजिबात माहीत नसतात. ते लिहून द्या: कोणत्या दरवाजाने बाहेर पडायचं, तिथून टेबलापर्यंत गर्दीच्या वेळी किती मिनिटं लागतात. जिथून एकापेक्षा जास्त वेळा गाडी बदलावी लागते तो भाग कागदावर कितीही जवळ दिसला तरी यादीत मागे टाकावा, असं आमचं मत आहे. रोजची चिडचिड बसल्या प्रवासाची नसते, फलाटावर उभं राहण्याची असते. आणि परतीचा प्रवास कार्यालय उशिरा सुटल्यावर करून बघावा. शेवटची गाडी किती वाजता, त्यानंतर काय, हे घर घेतल्यावर कळून उपयोग नाही.

याच संदर्भात एक गोष्ट बहुतेक कंपन्या सांगत नाहीत, आणि ते चुकतं. पुढच्या वर्ष-दीड वर्षात कार्यालय हलणार असेल, एखादी टीम दुसऱ्या इमारतीत जाणार असेल, आठवड्यात दोनच दिवस यावं लागत असेल पण ते पाच होणार असतील, तर ते रुजू होण्याआधी सांगा. नुसती शक्यता असली तरी सांगा. माणूस कार्यालयाच्या जवळ राहण्यासाठी जास्त भाडं मोजतो आणि करारात अडकतो. मग कार्यालयच उठून शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं.

आता पैशाकडे येऊ. घरभाडं उत्पन्नाच्या तीस टक्क्यांत बसावं हा नियम सगळीकडे सांगितला जातो. त्याचं मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे: १९६९ च्या कायद्याने तिथे उत्पन्नाच्या २५ टक्के ही मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये ती ३० झाली. सरकारी घरातल्या भाडेकरूकडून किती घ्यावं याचा तो आकडा होता, महानगरात नव्याने आलेल्याला काय परवडेल याचा नव्हे. शिकागोच्या ‘सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी’ या संस्थेची पद्धत जास्त कामाची वाटते. ती घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र धरते आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. लांबचं स्वस्त घर किती स्वस्त आहे, हे अशा बेरजेतच दिसतं. आम्ही ही बेरीज हातात पडणाऱ्या पगारावर करायला सांगतो. नवा माणूस वार्षिक पॅकेजला बाराने भागतो आणि त्या आकड्यावर भाडं ठरवतो. कपाती जाऊन महिन्याला खात्यात नक्की किती जमा होईल तो आकडा तुमच्याकडे तयार असतो. नियुक्तीपत्रासोबत द्या.

त्याहून अडचणीची असते सुरुवातीची एकरकमी गरज. अनामत दोन महिन्यांची, पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ आणि एक महिन्याची दलाली धरली तर चावी हातात येईपर्यंत चार महिन्यांचं भाडं बाहेर गेलेलं असतं. वर सामानाची वाहतूक, वीज-इंटरनेटची जोडणी, पडदे, गादी, दिवे. पाच-सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम पहिला पगार व्हायच्या आत लागते. आणि पहिला पगार कधी होतो? बऱ्याच ठिकाणी पगाराची यादी महिन्याच्या वीस-पंचवीस तारखेला बंद होते. त्यानंतर रुजू झालेल्याचे उरलेले दिवस पुढच्या महिन्याच्या पगारात येतात, म्हणजे पाच आठवडे हात रिकामा. म्हणून रुजू होण्याची तारीख महिन्याच्या सुरुवातीची ठेवा. ते जमत नसेल तर पहिल्याच आठवड्यात आगाऊ उचल द्या. ‘बिलं जोडा, परतावा मिळेल’ ही पद्धत ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याच्याच उपयोगाची असते.

अनामतीसाठी बिनव्याजी कर्ज हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी वापरला जाणारा उपाय आहे. लंडनमध्ये काही नोकरीदाते ते देतात आणि पगारातून हप्त्यांनी वळतं करून घेतात. दहा ते बारा हप्ते, मधेच नोकरी सोडली तर उरलेली रक्कम अखेरच्या हिशेबातून, एवढ्या दोन अटी पुरतात. अनामत किती असावी याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आधी बघून नव्या माणसाला कळवा. जर्मनीत ती मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि भाडेकरू ती तीन हप्त्यांत देऊ शकतो. इंग्लंडमध्ये मालकाने ती तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण तो ज्या राज्यांनी स्वीकारला तिथेच लागू. आपल्याला कोणता हक्क आहे हे माहीत नसलेला माणूस मागतील तेवढे पैसे देतो.

घरमालक मागतो ती कागदपत्रंही तुमच्याच दारात येऊन अडतात. तीन महिन्यांच्या पगारपावत्या नव्या माणसाकडे नसतात. त्याऐवजी तुमचं पत्र चालतं, मात्र ते नीट हवं: कंपनीच्या लेटरहेडवर, नाव, हुद्दा, रुजू होण्याची तारीख, नोकरी कायम की कंत्राटी, मासिक पगार, आणि खातरजमेसाठी एका माणसाचं नाव व थेट दूरध्वनी क्रमांक. दोन गोष्टी इथे हमखास काम बिघडवतात. एक म्हणजे ‘परिविक्षाधीन’ (प्रोबेशनवर) हा शब्द. तो पत्रात ठळक दिसला की मालक दुसऱ्या ग्राहकाकडे वळतो. खोटं लिहू नका, पण सगळ्यांनाच लागू असलेला परिविक्षेचा काळ पहिल्या ओळीत मिरवायचीही गरज नाही. दुसरी, खातरजमेचा मेल एखाद्या सामायिक पत्त्यावर जातो आणि त्याला चार दिवसांनी उत्तर मिळतं. तोवर घर गेलेलं असतं. एका कामाच्या दिवसात उत्तर, एवढा नियम स्वतःला घालून घ्या.

तात्पुरत्या जागेचा पत्ता अधिकृत कामांना चालतो का, हे ती जागा आरक्षित करण्यापूर्वी विचारा. बँक खातं उघडायला पत्ता लागतो, भाडेकरार करायला बँक खातं लागतं, आणि पत्ता तर भाडेकरारानेच मिळतो. जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी जागा देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र हवं असतं. ते देणार नाही अशी जागा कितीही चांगली असली तरी त्या माणसाच्या कामाची नाही.

फसवणुकीबद्दल माणूस यायच्या आधी सावध करा, कारण ती लांबून शोधणाऱ्यालाच गाठते. तिचा साचा ठरलेला असतो. आजूबाजूच्या घरांपेक्षा पाव टक्क्याने नव्हे, चांगलं पाव हिश्शाने कमी भाडं, मासिकातल्यासारखे फोटो, मालक परदेशात, चावी कुरिअरने येणार, ‘अजून तिघं मागे लागलेत, थोडा विसार पाठवा’. तेच फोटो इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकून शोधले की दुसऱ्याच शहरातल्या हॉटेलात सापडतात. दुसरा प्रकार ओळखायला जास्त कठीण: घर खरं, चावी खरी, पण दाखवणारा मालक नसून जुना भाडेकरू असतो आणि एकाच घराची अनामत पाच जणांकडून घेऊन निघून जातो. यावर आमचा नियम असा की समोर कुलूप उघडून आत गेल्याशिवाय एक पैसाही द्यायचा नाही. ओळखपत्रावरचं नाव, मालकीच्या कागदावरचं किंवा कराच्या पावतीवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव ही तिन्ही एक असली तरच पैसे त्या खात्यात जातील. व्हिडिओवरून घर बघावंच लागलं तर आधी चित्रित केलेला व्हिडिओ नको. समोरच्याला रस्त्यावरून सुरुवात करायला सांगा, इमारतीचा क्रमांक दाखवू दे, मग न थांबता आत येऊन आपण सांगू तो नळ उघडू दे.

प्रत्यक्ष घर बघताना माणसं हॉलमध्ये उभी राहून बोलतात. बाथरूममध्ये उभं राहावं. शॉवर पूर्ण सोडा, तो चालू असताना स्वयंपाकघरातला नळ सोडा आणि फ्लश ओढा. शॉवरची धार दोऱ्यासारखी झाली तर सकाळी दोन माणसांच्या अंघोळीला काय होईल ते समजलं. दहा लिटरची बादली भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर दाब कमी. बेसिन काठोकाठ भरून एकदम रिकामं करा. गुडगुड आवाज आणि रेंगाळणारं पाणी म्हणजे नळी तुंबत आलेली. ओल शोधायची तर भिंतीच्या मधोमध बघू नका. खिडकीच्या खालचे कोपरे, कपाटामागचा भाग आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत बघा. बंद कपाट उघडून नाक आत घाला. इतर भिंती जुन्या आणि एकच भिंत ताजी रंगवलेली असेल तर रंगाखाली काय झाकलंय ते विचारा. फोनचा चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावा. घरातलं सगळं बंद करून वीजमीटर बघा. तरीही तो चालत असेल तर दुसऱ्या कुणाची तरी जोडणी याच मीटरवर असू शकते आणि त्याचं बिल तुम्हाला भरावं लागेल. बाथरूममध्ये गॅसचा गीझर असेल आणि धूर बाहेर नेणारी नळी नसेल तर ते घर सोडा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे हवा बिघडल्याचं माणसाला कळतच नाही. झोपायच्या खोलीचं दार लावून एक फोन करून बघा. आणि त्याच घराखाली रात्री दहा-अकराला दहा मिनिटं उभं राहा.

एवढं सगळं एका घराला पाऊण तास घेतं. दिवसात चार-पाचच घरं होतात ती यामुळे.

सामानाबद्दल थोडक्यात. दाराची, लिफ्टची आणि जिन्याच्या वळणाची मापं घेतल्याशिवाय फ्रिज-सोफा ट्रकमध्ये चढवू नये. पुस्तकं लहान खोक्यांत, कपडे मोठ्या खोक्यांत, कुठलंही खोकं पंधरा-अठरा किलोंच्या वर नको. दुसऱ्यांच्या सामानासोबत येणारा ट्रक स्वस्त पडतो पण त्याची तारीख पक्की नसते, म्हणून आठवडाभराचे कपडे आणि सगळी मूळ कागदपत्रं माणसाबरोबरच यावीत.

करारात बदलीचं कलम मागायला नव्या माणसाला सांगा, कारण बदली तुम्हीच करता. नोकरीनिमित्त शहर सोडावं लागल्यास बदलीचं पत्र दाखवून एक महिन्याच्या नोटिशीवर करार संपेल, असं साधं वाक्य पुरतं. मालक ते मानत नसेल तर किमान मुदतीआधी घर सोडण्याचा भुर्दंड कंपनी भरेल, हे तुमच्या धोरणात लिहा. नोटिशीचा काळ दोघांना सारखा, अनामत परत करायची मुदत दिवसांत लिहिलेली, घर सोडताना रंगकाम आणि सफाई कुणाच्या खर्चाने, आणि गीझर किंवा नळ बिघडला तर कोण बघणार, या चार मुद्द्यांवरच बहुतेक भांडणं होतात. ताबा घेताना मीटरचे आकडे, चाव्यांची संख्या आणि प्रत्येक खोलीचे फोटो त्याच दिवशी मालकाला मेल करायचे, म्हणजे तारखेवर वाद उरत नाही. भिंतीवरचा आधीचा डाग अनामतीतून कापला जातो तो या फोटोंअभावीच.

मुलं असलेल्यांचा क्रम उलटा असतो. आधी शाळेतली जागा, मग घर. शैक्षणिक वर्षाच्या मध्यात बोलावलेल्या माणसाला जिथे जागा शिल्लक असेल तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, आणि घर त्या शाळेभोवती शोधावं लागतं. अशांना तीस दिवसही अपुरे पडतात. कुटुंब सत्र संपल्यावर येईल असं धरून एकट्यासाठी दोन-तीन महिन्यांची सोय करून द्या.

काहींना घर नाकारलं जातं ते पगारामुळे नव्हे. एकटी बाई, अविवाहित मुलगे, विशिष्ट आडनाव, विशिष्ट धर्म, परका देश. हे त्या माणसाला एकट्याने निस्तरायला लावू नका. करार कंपनीच्या नावावर केला की मालकाचा सूर बऱ्याचदा बदलतो. त्याचा तोटा एवढाच की नोकरी गेली की त्याच दिवशी घरही जातं. नोकरी सुटल्यावर त्या घरात किती दिवस राहता येईल हे आधी लिहून द्या. तीसपेक्षा कमी नकोत.

आणि एक विनंती दलालांच्या यादीबद्दल. एकाच दलालाचा क्रमांक हातात ठेवून मोकळे होऊ नका. त्याला माणसं आयती मिळतात, मग त्याच्याकडे जी घरं पडून आहेत तीच तो दाखवतो. त्याऐवजी तुमच्याच कर्मचाऱ्यांकडून दर सहा महिन्यांनी चार गोष्टी विचारून घ्या: भाग, खोल्या किती, भाडं किती, सकाळी दारापासून टेबलापर्यंत मिनिटं किती. नावं काढून टाका आणि तो तक्ता नियुक्तीपत्रासोबत पाठवा. मध्यम आकाराच्या कंपनीतही शे-दोनशे ओळी सहज जमतील, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्या खऱ्या असतील. तक्त्यात पाचवा रकाना घालणार असाल तर तो अनामतीचा असू द्या: घर सोडताना किती परत मिळाली आणि किती दिवसांनी.

कळावे,
बाहेरून येणाऱ्यांना भाड्याची घरं शोधून देणारे आम्ही काही जण